जोड कधी देणार, उस्ताद?

मानवतला त्या वर्षांत काठी शिकायची म्हटली की सितारामदादाचंच नाव निघायचं, आणि नावाबरोबर एक तक्रारही निघायची. "दादा शिकवतो लय झकास, पन जोड काही देत न्हाई." म्हणणाऱ्याच्या तोंडावर मात्र तक्रार कमी आणि कौतुकच जास्त. आमच्या डॉक्टरची सुई फार दुखते, असं सांगताना माणसाला डॉक्टरचा जसा अभिमान वाटतो, तसंच ते होतं.

काठीच्या विद्येचे दोन भाग. पहिला पवित्र्यांचा. सलामी द्यायची, पाय टाकायचे, काठी डोक्यावरून, कमरेवरून, पायाखालून फिरवायची. सगळं ठरलेल्या क्रमाने आणि एकट्याने. समोर नुसती हवा. दुसरा भाग जोडीचा. तिथे समोर माणूस उभा, त्याच्याही हातात काठी, आणि तो कुठून मारील ते त्याचं त्याला ठाऊक. पहिल्यातून दुसऱ्यात कधी जायचं, यावरून तालमी-तालमींत हाणामाऱ्या व्हायच्या राहिल्यात. लवकर जोड दिली तर पोरं एकमेकांची डोकी फोडतात आणि उशिरा दिली तर नुसते नाचे तयार होतात. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे, म्हणून तर ते भांडण मिटत नाही.

सितारामचे उस्ताद परभणीचे मदारसाब. स्टेशनबाहेर टांगा हाकायचे आणि संध्याकाळी घोड्यापुढे वैरण टाकली की पोरं गोळा करायचे. बौद्धाचं, मुसलमानाचं, मराठ्याचं, कोणाचंही पोर त्यांना चालायचं. जोडीबाबत त्यांचा हिशोब सरळ होता. "छे महिने हवा से खेलो, फिर आदमी से. हवा किसी कू पलट के नै मारती, बेटा." आणि पहिली जोड उस्तादाशीच. सगळी वस्ती बोलवायची, मधे जागा मोकळी सोडायची. शागिर्दाने हातचं न राखता वार करायचे, उस्तादाने ते अडवायचे, आणि पोराचा हात तयार वाटला की शेवटचा एक वार जाणूनबुजून अंगावर घ्यायचा. "पैले उस्ताद कू मारना, फिर दुनिया कू," म्हातारा हसून म्हणायचा. तो वार बसला की जोड झाली. मग त्या पोराने कोणाशीही खेळावं, दुसऱ्यालाही जोड द्यावी. त्याआधी माणसावर काठी उचलली तर तालमीतून नाव कमी.

सितारामची जोड अशीच झाली होती. मदारसाबांच्या दुआ घेऊन तो मानवतला परत आला, कापसाच्या एका जिनात मशीनवर कामाला लागला, आणि बौद्धवाड्याच्या मागच्या माळावर त्याने स्वतःची तालीम सुरू केली. तालीम म्हणजे काय, मोकळा माळ, एक लिंबाचं झाड आणि झाडाला टेकवून ठेवलेल्या काठ्या. पहिल्या खेपेच्या पोरांना त्याने बरोबर सहा महिन्यांनी जोड दिली. पण बाहत्तरचा दुष्काळ आला आणि ती पोरं पोटामागे गेली, कोणी मुंबईला, कोणी नाशकाकडे, आणि तिकडचीच झाली. मदारसाब दुष्काळाच्या आधीच वारले होते. तेव्हा मानवतात जोड झालेला माणूस एकटा सितारामच उरला.

आणि पुढच्याच हंगामात मशीनचा पट्टा तुटला. तुटका पट्टा सापासारखा उसळला आणि त्याचं टोक सितारामच्या डाव्या डोळ्यावर बसलं.

सूज उतरली, लाली गेली, डोळा वरून होता तसाच दिसायला लागला. फक्त त्यातून दिसणं बंद झालं. सितारामने ते कोणाला सांगितलं नाही. मुकादमाला कळलं तर मशीनवरून काढून गठाणी उचलायला लावील, ही पहिली भीती. दुसरी भीती जरा उशिरा कळली. एका डोळ्याने जग दिसतं, पण ते किती लांब आहे ते समजत नाही. खुंटीला सदरा अडकवायला जावं तर सदरा खाली पडायचा. तांब्यातलं पाणी पेल्यात ओतायला जावं तर जमीन ओली. पवित्र्यांचं मात्र काही बिघडलं नव्हतं. ते अंगात होते, त्यांना डोळा लागत नव्हता. उलट भीतीने तो जास्तच मन लावून खेळायला लागला आणि बघणारे म्हणायला लागले की दादाचा हात आता कुठे खुलला.

तालमीत तेव्हा नवी पोरं आली होती. त्यांचे सहा महिने भरत आले, तसा सितारामला घाम फुटायला लागला. एका दुपारी त्याने घराचं दार लावून घेतलं आणि बायकोला म्हणाला, "सरजा, ते कपडे बडवायचं दांडकं घे आन मला मार. मी आडवतो."

सरजाबाईला आधी हसू आलं. मग नवऱ्याचं तोंड बघून तिने दांडकं उचललं. पहिला वार तिने भीत भीत, हळूच टाकला आणि सितारामने तो अडवला. दुसरा जरा जोरात टाकला. सितारामचा हात वर गेला, पण वीतभर अलीकडेच, आणि दांडकं त्याच्या कपाळावर टणकन बसलं.

"आगं माय! तुमाला दिसलं न्हाई का?"

"दिसलं," सिताराम खाली बसत म्हणाला. "पन कुठं हाय ते न्हाई कळालं."

मग त्याने तिला डोळ्याचं सांगितलं. सरजाबाई रडली, हळद आणून कपाळाला लावली, आणि डोळे पुसून एकदम व्यवहाराचं बोलली. संसार चालवणाऱ्या बाईला फार वेळ रडत बसता येत नाही.

"मंग जोड देऊच नका की."

"पोरं इचारत्याल ना."

"म्हना, हात आजून कच्चा हाय. तुमी उस्ताद हाव. तुमाला कोन खोटं पाडायलंय?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणतात. पण मूठ झाकून धरायची म्हटली की तो हात दुसऱ्या कामाचा राहत नाही, हे कोणी सांगत नाही. सितारामने त्या दिवशी मूठ झाकली.

पोरांनी विचारलं, "जोड कधी देनार, उस्ताद?" सिताराम म्हणाला, "आजून हात कच्चा हाय." पुढच्या वेळी म्हणाला, "पवित्रा अंगात मुरू द्या. कच्ची कैरी उतरवली तर आढीत सडतीय, पिकत न्हाई." हे वाक्य त्याला बोलताबोलता सुचलं होतं, पण पोरांनी ते घरी नेलं आणि आठवड्यात सगळ्या वाड्यात झालं. वर्ष गेलं, दुसरं गेलं. पोरांच्या हातांना दुसरं कामच नसल्यामुळे पवित्रे असे काही देखणे झाले की बघत राहावं. वीस काठ्या एकदम उठायच्या आणि एकदम पडायच्या.

परभणीला बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीत मानवतचं पथक गेलं, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं वाहनांवर चढून बघत होती. आणि सगळ्यांना सगळ्यात जास्त आवडली ती पोरांची ऐट. अख्खी रांग मान किंचित डावीकडे वळवून, उजवा डोळा पुढे काढून चालत होती. ही मान सितारामची होती. आंधळी बाजू झाकायला तो सतत तशी मान धरायचा, आणि पोरांना वाटलं होतं की हीसुद्धा एक विद्याच आहे. शिकवलं नव्हतं तेही त्यांनी उचललं होतं. सितारामने रांगेकडे बघितलं. आपलं व्यंग वीस जणांच्या अंगावर चढून परभणीच्या रस्त्यावरून मिरवतंय, असं त्याला दिसत होतं, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

त्यानंतर तर विचारायलाच नको. सेलूची, जिंतूरची माणसं तालीम बघायला यायला लागली. "आमच्याकडं पोरं चार महिन्यांत जोड मागत्यात. तुमी कसं काय थोपवून धरता?" सिताराम खाली बघायचा. त्याच्याऐवजी दत्तराव उत्तर द्यायचे. दत्तराव म्हणजे वाड्यातले वडीलधारे, विहाराचा कारभार बघणारे. एकदा सांगितलेली गोष्ट आपण स्वतः डोळ्यांनी पाहिली, अशी त्यांची दुसऱ्या दिवसापासून खात्री असायची. ते म्हणायचे, "मदारसाबचा बी ह्योच नियम व्हता. तीन तीन वर्षं नुसते पवित्रे. मी सोता पाह्यलंय की." सिताराम शेजारीच बसलेला असायचा. मदारसाबांचे सहा महिने त्याच्या जिभेवर यायचे आणि तिथेच थांबायचे.

खोटं एकट्याचं असतं तेव्हा ते सोडता येतं. पण आता ते खोटं राहिलंच नव्हतं, मानवतच्या तालमीचा नियम झाला होता, आणि नियम मोडायचा तर दत्तरावांना खोटं पाडायचं, सेलू-जिंतूरला खोटं पाडायचं, पोरांच्या आयांना खोटं पाडायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सिताराम रात्री कूस बदलत पडून राहायचा आणि सकाळी उठून पुन्हा पहिल्या पवित्र्यापासून शिकवायचा. एवढं नाव झालेला माणूस इतका गप्प कसा, याचंही लोकांना कौतुकच वाटायचं.

तालमीतला सगळ्यात जुना शागिर्द बन्सीधर. सुलाबाईचा एकुलता एक, बाप लहानपणीच गेलेला. अंगाने शेलाटा, पण काठी हातात घेतली की हा पोरगा जमिनीवर आहे की नाही असं वाटावं. चार वर्षं झाली तरी त्याची सकाळ कधी चुकली नव्हती. दर पाडव्याला तो पाया पडायचा आणि विचारायचा, "उस्ताद, यंदा?" सिताराम म्हणायचा, "बघू." बन्सी मान डोलवायचा आणि जायचा. बाकीची पोरं मागे कुरकुर तरी करायची. बन्सी ती करत नसे. त्याचा विश्वास इतका सरळ होता की सितारामला त्याच्याकडे बघवायचं नाही.

त्या हिवाळ्यात पोखर्णीच्या अप्पारावांनी आपल्या मोसंबीच्या बागेवर रखवालदार म्हणून बन्सीला नेलं. का नेलं? तर सितारामदादाच्या तालमीतला पोरगा म्हणून. सुलाबाईने त्या दिवशी वाड्यात साखर वाटली. सितारामच्याही हातावर चिमूटभर ठेवली, आणि त्याने ती तोंडात टाकली.

बाग तोडणीला आली, त्या आठवड्यात भर दुपारी तीन माणसं पोती घेऊन बागेत शिरली. बन्सी काठी घेऊन आडवा गेला. पुढे काय झालं ते अप्पारावांनी सांगितलं. ते स्वतः बैलगाडीत घालून पोराला मानवतला घेऊन आले होते आणि सितारामच्या दारासमोर उभे होते. माणूस वाईट नव्हता, पण सांगता सांगता त्यांना हसू आवरत नव्हतं आणि हसल्याची लाजही वाटत होती.

"काय सांगू उस्ताद, पोरगं खेळलं लय सुंदर. आदी सलामी दिली. मंग पाय टाकले. मंग काठी फिरवली डोक्यावरून. आमचा गडी विहिरीवरून पाहायलाय, ते चोर बी पोतं खाली ठेवून पाहायलेत. चांगला वेळ पाहिलं म्हने. मंग त्यातला एक पुढं झाला आन दिली की ठेवून मनगटावर. पोराच्या हातून काठी पडली ती पडलीच. मारावं कसं, आडवावं कसं, काई म्हंजे काईच न्हाई. अशी कशी हो तुमची इद्या?"

सितारामला उत्तर ठाऊक होतं. पवित्रा सलामीपासून सुरू होतो आणि क्रमाने पुढे जातो. बन्सीच्या अंगाला दुसरी सुरुवात माहीतच नव्हती. चोर आला, तर त्याने चोराला सलामी दिली. चार वर्षं त्याला हेच शिकवलं होतं.

पण सितारामने तोंड उघडायच्या आत दत्तराव पुढे झाले आणि कडाडले, "जोड झाली नसताना मानसावर काठी उचलायला सांगितलं कोनी ह्याला? उस्ताद कवापासून कंठशोष करायलेत, हात कच्चा हाय, हात कच्चा हाय! आता तरी पटलं का?" भोवती जमलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. पटलं, सगळ्यांना पटलं. गाडीत पडलेल्या बन्सीनेही मान हलवली.

हाडवैद्याने मनगट बांधलं. हाड सांधलं, पण उजव्या हाताची बोटं पुरती मिटेनात. भाकरी मोडता यायची, काठी धरता यायची नाही. बागेवरचं काम गेलं. आणि एका सकाळी बन्सी माळावर आला, सितारामच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "माझं चुकलं, उस्ताद. जोड व्हायच्या आदी काठी उचलली. तुमचंच खरं व्हतं. पन नाव कमी करू नका. डाव्या हातानं करतो, पैल्या पवित्र्यापासून."

त्याने येऊन गचांडी धरली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर सितारामला बरं वाटलं असतं. हे मात्र असह्य होतं. रोज सकाळी नव्या, मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या रांगेत हा पंचविशीचा माणूस उभा राहायचा, डाव्या हातात काठी घेऊन सलामी द्यायचा, अडखळायचा, पुन्हा पहिल्यापासून करायचा. आणि मान? ती तशीच, किंचित डावीकडे वळलेली.

"मी सांगून टाकतो," सिताराम सरजाबाईला म्हणाला.

"सांगून त्याचा हात येनाराय का माघारी?" ती चुलीपुढून म्हणाली. ती कठोर नव्हती. तीही घाबरली होती. दांडक्याचा तो वार तिनेच मारला होता आणि जोड न देण्याची अक्कलही तिचीच होती. "सुलाबाई रोज माझ्यासंगट पान्याला येती. कोन्या तोंडानं जाऊ मी हिरीवर? आन लोक तुमाला ह्या वाड्यात ठिवत्याल का?"

पुढचे दोन-तीन महिने तो तसाच जात-येत राहिला, जिनातून माळावर, माळावरून घरी. जेवण तुटलं. आपण जिवंत असताना कोणीतरी आपल्याला भिंतीत चिणत आहे आणि विटा आणून देणारी माणसं आपल्याच पाया पडत आहेत, असं त्याला वाटायचं.

मग रंगनाथ आला. हाही जुना शागिर्द, बन्सीच्या मागचा. हसत हसत पाया पडला. "एका आडतीवर रखवालीला लागायलोय, उस्ताद. कापसाची चोरी लय वाढलीय म्हने तिकडं. म्या तुमचं नाव सांगितलं, लगेच ठिवून घेतलं."

सितारामने त्याच्या मनगटांकडे बघितलं. दोन्ही चांगली होती.

"कवा जायलास?"

"सोमवारपासून."

"मंग आयतवारी सांजच्याला जोड हाय," सिताराम म्हणाला. "समद्यायची. पैला बन्सी. सांग वाड्यात."

रंगनाथ बघतच राहिला, आणि मग जो धावत सुटला तो थेट विहारापर्यंत.

रविवारी माळ माणसांनी भरला. बाया लिंबाखाली बसल्या होत्या, सुलाबाई पुढे आणि सरजाबाई सगळ्यांच्या मागे, पदर तोंडात धरून. पोरं रांगेने उभी होती, धुतलेल्या सदऱ्यांत. दत्तरावांनी उभं राहून मानवतच्या तालमीच्या शिस्तीवर चार शब्द सांगितले. सिताराम मधे उभा होता. त्याने ठरवलं होतं ते साधं होतं. अडवता येईल तेवढं अडवायचं, बाकीचं अंगावर घ्यायचं. लोकांना काय दिसायचं ते दिसू दे. सगळ्यांची जोड आज संपवायची आणि सुटायचं. डोळ्याचं सांगायची वेळ येऊ नये, अशी आशा अजूनही त्याच्या मनात कुठेतरी होतीच. माणूस इतक्या सहजासहजी सरळ होत नाही.

बन्सी डाव्या हातात काठी घेऊन समोर आला आणि सलामीला वाकला.

"सलामी नगं," सिताराम म्हणाला. "मार."

बन्सी गोंधळला. मग त्याने उस्तादांच्या उजव्या बाजूने एक वार टाकला. सितारामने काठी वर केली. अर्धी नजरेने, अर्धी नशिबाने ती वाराच्या आड आली. लोक "वा!" म्हणाले. बन्सीला धीर आला. त्याने मनगट वळवलं आणि उलटा वार सितारामच्या डाव्या कानावर सोडला, पुऱ्या ताकदीने.

सिताराम अजून उजवीकडेच बघत होता.

काठी कानापासून बोटभर अंतरावर थांबली. बन्सीनेच ती थांबवली होती. कशी थांबवली ते त्यालाच ठाऊक. उस्तादांनी हात वर केला नव्हता, मान वळवली नव्हती, काही काहीच नाही. बन्सीने श्वास रोखून काठीचं टोक हळूच पुढे आणलं, अगदी डाव्या डोळ्यासमोर. डोळा तसाच उघडा राहिला.

"पापनी लवली न्हाई! बगा, पापनी लवली न्हाई!" दत्तराव ओरडले, आणि सगळ्या माळाने टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांनी सितारामला कळलं की काठी आपल्या डोळ्यासमोर आहे. मान वळवली तेव्हा त्याला ती दिसली, आणि काठीमागे बन्सीचं तोंड दिसलं. त्या तोंडावर आता सगळं कळल्याचं उमटलं होतं. टाळ्या थांबत नव्हत्या. नुसतं हसून हात वर केला असता तर ही संध्याकाळही निभावली असती, आणि उद्या मानवतच्या उस्तादाची पापणी लवत नाही ही गोष्ट जिंतूरपर्यंत गेली असती.

"दिसली असती तर लवली असती," सिताराम मोठ्याने म्हणाला. "ह्या डोळ्यानं दिसत न्हाई मला. चार वर्षं झाली. जोड द्यायला जमत नव्हतं म्हून म्या कच्चा हात, कच्चा हात करत बसलो. तुमचे हात कच्चे नव्हते."

टाळ्या तुटत तुटत थांबल्या. लिंबाखाली सुलाबाई उभी राहिली. दत्तरावांचं तोंड उघडं ते उघडंच.

बन्सी पुढे सरकला. त्याचा आवाज इतका बारीक होता की फक्त सितारामला ऐकू यावा.

"आसं म्हनू नका, उस्ताद," तो म्हणाला. "नियम व्हता म्हना. माझीच चूक व्हती म्हना. न्हाई तर माझा हात कशापायी गेला?"

तो खरोखर विनवत होता. त्या मोडक्या हाताला त्याने इतके महिने एका समजुतीवर सांभाळलं होतं, आणि उस्ताद ती काढून घेत होते. सितारामला वाटलं, द्यावी त्याला ती परत. एक शब्द पुरे होता.

"माझ्यापायी," तो म्हणाला. आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा म्हणाला, "माझ्यापायी गेला, बन्सी."

बन्सी मागे सरला. चार वर्षांत पहिल्यांदाच, कोणी न सांगता, त्याने सलामी दिली नाही, पाय जुळवले नाहीत, काही नाही. काठी सरळ वर नेली आणि खाली आणली. हा वार सितारामला दिसला. अडवायला हात उचलावा असं त्याच्या मनातही आलं नाही. गळपट्टीचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला, आणि सिताराम गुडघ्यांवर बसला.

चार-पाच जण धावले आणि त्यांनी बन्सीला धरलं. कोणीतरी त्याच्या थोबाडीत मारली.

"सोडा त्याला," सिताराम खालून म्हणाला. वेदनेने त्याचा शब्द नीट फुटत नव्हता. "जोड झाली त्याची. वार बसला की जोड झाली. आता रंगनाथला येऊ द्या."

पण रंगनाथ जागचा हलला नाही. रांगेतलं कोणीच हललं नाही. खाली बसलेल्या, एका डोळ्याच्या, मोडक्या खांद्याच्या माणसाला मारायला कोण येणार? सितारामने दोनदा काठी उचलायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा ती गळून पडली. सोमवार उद्यावर आला होता.

बन्सीने धरणाऱ्यांचे हात झटकले. तोंड पुसलं. सितारामकडे त्याने बघितलं नाही, पायाही पडला नाही. तो रांगेसमोर गेला, रंगनाथपुढे उभा राहिला आणि डाव्या हातातली काठी त्याच्यावर रोखून म्हणाला, "माझी झालीय. चल, मार मला."

रंगनाथने सवयीने सलामीसाठी हात वर नेला, आणि बन्सीने त्याच्या काठीवर असा तडाखा दिला की ती त्याच्या हातातून सुटता सुटता राहिली. "मार म्हनलं ना!" मग रंगनाथने मारलं. काठीवर काठी वाजली. पुन्हा वाजली. रांग मोडली आणि पोरं त्या दोघांभोवती गोळा झाली. मागोमाग मोठी माणसंही सरकली, वार कसा येतो आणि कसा अडवायचा ते बघायला. दत्तरावसुद्धा गेले.

माळाच्या मधे सिताराम तसाच बसून होता. त्याला उठायचं होतं, खांदा जळत होता. त्याने चांगला हात वर केला, पण सगळ्यांच्या पाठी त्याच्याकडे होत्या. म्हणून तो बसूनच राहिला आणि सरजाबाई गर्दीतून वाट काढत येईपर्यंत त्या काठ्यांचा आवाज ऐकत राहिला.